चौकटीतून उडालेले मणी

"हे कोनी खरं माननार नाई," गुरुजी म्हणाले. "अन् मानलंच येखाद्यानं, त ह्या मिशा इथंच भादरून त्याच्या हातावर ठेवतो."

उकंडगुरुजींची प्रत्येक गोष्ट अशीच सुरू व्हायची. मिशा अजून जागच्या जागी होत्या, चांगल्या पिळदार होत्या. म्हणजे गावात आजवर कोणी फसलं नव्हतं, किंवा फसलेल्यानं तसं कबूल केलं नव्हतं. पण त्या दुपारी मिशीवरून फिरणारा गुरुजींचा हात मध्येच थांबला. मांडवाच्या खांबाला टेकून जगदेव उभा होता, आणि तो काही गोष्ट ऐकायला आला नव्हता. आपली पोरगी न्यायला आला होता.

केनवडपासून कोसभर आत, मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात बिगारीची, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या वर्गाची, पोरं बसायची. त्यांना अंक शिकवायचे ही गुरुजींची नेमणूक, आणि त्यासाठी लागणारं सगळं सामान एका गोणपाटाच्या झोळीत मावायचं. चिंचोके होते, कवड्या होत्या, दहा-दहा तुराट्या अंबाडीच्या दोरानं बांधून केलेल्या जुड्या होत्या. बोटानं आकडे गिरवायला विटकरीचा भुगा पसरलेली धूळपाटी होती. आणि ह्या सगळ्यांवर राज्य करणारी मण्यांची चौकट होती.

चौकट कारंज्याच्या जब्बार खराद्यानं कातून दिलेली. पाळण्याच्या खुंट्या आणि पलंगाचे पाय कातणारा माणूस तो. त्यानं दहा तारा ताणल्या, एकेका तारेत दहा मणी ओवले, आणि चाकावर फिरत असतानाच त्यांना लाखेचे रंग चढवले. गुरुजींचं म्हणणं असं, की त्या मण्यांचं लाकूड ज्या झाडाचं, त्या झाडावर रोज संध्याकाळी पोपट मुक्कामाला यायचे. झाड तोडलं, पोपट गेले. पण उडायची सवय लाकडात राहिली ती राहिलीच. म्हणून चौकट कधी उन्हात उघडी ठेवायची नाही, वर फडकं टाकायचं.

"बसतो घडीभर," जगदेव म्हणाला. मुंडासं सोडून त्यानं खांबाशी बैठक मारली. "गोष्ट होऊ द्या तुमची. मंग गोजरीले घेऊन जातो."

"कायले गा?"

"कायले म्हंजे? कापूस फुटून राह्यला सारा वावरात. वेचाले बाया भेटत नाईत. अन् हे इथं बसून काय करून राह्यली? मुकीच त हाय पोट्टी."

"मुकी नाई ते."

"तुमी आइकलं का कधी तिले बोलतानी?"

ऐकलं नव्हतं. दिवाळीआधीपासून गोजरा पहिल्या रांगेत बसत होती, आणि मान हलवण्यापलीकडे तिनं कसली तसदी घेतली नव्हती. घरीही तोच प्रकार. शेळ्यांच्या कानात काहीतरी कुजबुजायची म्हणतात, पण शेळ्या साक्ष द्यायला येत नाहीत. तिला वाढवणारी आत्या तुळसाबाई मोठी बोलकी बाई. त्या बाईच्या घरात दुसऱ्याच्या शब्दाला जागाच कुठं उरायची? वर तिची एक शिस्त होती: मोठं माणूस बोलतंय ना, मग खोटं का बोलेना, लेकरानं तोंड उघडायचं नाही.

पण गुरुजींना एक गोष्ट माहीत होती. त्यांनी चौकटीवरचं फडकं काढलं आणि ती गोजराच्या मांडीवर ठेवली. "गोजरे, सात अन् पाच?"

पोरीनं बाकी कुठं पाहिलं नाही. सात मणी सरकवले, मग त्याच तारेवरचे उरलेले तीन, मग खालच्या तारेवरचे दोन. टक, टक. भिंतीवरची पाल जेवढा आवाज करते तेवढाच. आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"पाह्य," गुरुजी म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला होता, जसे काही बारा त्यांनीच शोधून काढले. "पाह्य जगदेवा. बिगारीतलं दुसरं येकबी पोट्टं इतक्या लौकर करत नाई."

जगदेव पुढं वाकला. पोरीच्या बोटांकडे त्यानं नीट निरखून पाहिलं. "बोटं लय चांगली चालतात," तो म्हणाला.

"मंग!"

"मंग काय गुरुजी, कापूस वेचाले बोटंच त लागतात. तोंड थोडीच लागते?"

मागच्या रांगेतला बबन्या फिस्सकन हसला. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपणच दाखवलेली वस्तू आपल्यावरच उलटली, हे त्यांना कळायला एक क्षण लागला.

जगदेव काही वाईट माणूस नव्हता. त्यानं घसा साफ केला. "आसं करू. तोंडानं येक हिशेब सांगू द्या तिले. येकच. माह्या ह्या कानानं आइकू द्या. मंग तुमची पोट्टी अन् तुमची शाळा, मी नावबी काढनार नाई. नाई सांगितला, त गोष्ट संपली का मी उठलो."

"गोष्ट संपेपावतर?"

"गोष्ट संपेपावतर."

गुरुजींनी आयुष्यभर गोष्टी लांबवल्या होत्या, पण त्या हौसेनं. आज पहिल्यांदा पोटासाठी दळण दळावं तसं त्यांना वाटलं. जातं थांबलं की पोरगी गेली.

"तं मंग आइका," ते म्हणाले. "ज्या दिवशी ह्या चौकटीतले मनी उडाले, त्या सकाळची गोष्ट. तवा अंक अजून गावातच होते. गोमतीबाईनं तीन चुली पेटवल्या. येकेका तव्यावर दोन-दोन भाकरी टाकल्या. अन् उतरवल्या पाच."

"साऽऽहा!" अख्खा वर्ग ओरडला. देवळावरची कबुतरं उडाली. "गुरुजी, खोटं! सहा भाकरी!"

ही गुरुजींची जुनी रीत. गोष्टीच्या धोतराला मध्येच हिशेबाचं एक भोक ठेवायचं, आणि पोरांना त्यात बोट घालू द्यायचं. एरवी त्यांना त्या आरड्यात फार सुख वाटायचं. आज त्यांचे डोळे गोजराच्या बोटांवर होते. तिनं दोन, दोन आणि दोन मणी सरकवले होते. मग मान वर करून तिनं गुरुजींकडे पाहिलं, उलट्या पायात वहाणा घातलेल्या म्हाताऱ्याकडे पाहावं तसं, जरा कीव येऊन. आणि गप्प राहिली.

त्यांनी पुन्हा भोक ठेवलं. विहिरीवर चार बाया, प्रत्येकीच्या डोक्यावर दोन घागरी, एकूण घागरी नऊ. "आठ! आठ!" बबन्या तर उठून नाचू लागला. गोजराच्या चौकटीवर आठ मणी. तोंड बंद.

तेव्हा गुरुजींच्या ध्यानात आलं. एवढ्या ढोलताशात बासरी वाजणार कशी? आधी ढोल झोपवले पाहिजेत.

त्यांनी आवाज उतरवला.

मार्गशीर्षातलं ऊन होतं, पाठीवर गोधडी टाकावी तसं. पोरं घरून भाकर खाऊन आलेली. मांडवाच्या छतातून उन्हाच्या कवड्या जमिनीवर पडल्या होत्या आणि वाऱ्यानं त्या जरा जरा सरकत होत्या. गुरुजी सांगू लागले, आणि त्यांचा आवाज दुधावर साय धरावी तसा हळूहळू दाट होत गेला.

दुपार होती, अशीच. फडकं वाऱ्यानं बाजूला झालं, आणि मण्यांवर ऊन पडलं. पहिल्यांदा एक लाल मणी तारेवर जरा हलला. मग त्याला पंख फुटले, अगदी बारीक, मुंगळ्याला फुटतात तसे. मग सगळ्यांनाच फुटले. फुर्र नाही झालं, खुळखुळ झालं, लहान लेकरू पाळण्यात हसावं तसं. आणि शंभर मणी देवळाच्या कळसावरून उडून गेले. खाली दहा तारा राहिल्या, नुसत्या. त्यांतून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

त्याबरोबर गावातून अंक गेले.

आधी कुणाला कळलंच नाही. गोमतीबाई भाकरी करत बसली ती करतच राहिली, कारण पुरे कधी म्हणायचं हे तिला आठवेना. भाकरींची चवड धाब्यातून वर गेली, धुराबरोबर. तिफणीला जुंपलेला बैल शेजारच्या बैलाकडे बघून उभा राहिला. आपण एकटे की जोडी, हे त्याला समजेना. गुरं रानातून घरी आली, ती कुणाचीही कुठल्याही गोठ्यात गेली, आणि सगळ्या गोठ्यांत सगळी गुरं मावली. कमी-जास्त म्हणायला कुणी नव्हतंच. आणि गोमतीबाई, जिच्या तोंडात दात नव्हते, तिचं वय हरवलं. ती चुलीपुढून उठली, वडाच्या पारंबीला धरून झोका घेऊ लागली, आणि तिचे पांढरे केस मागं उडताना लोकांनी पाहिले. कुणी हसलं नाही. ज्याला-त्याला वाटत होतं, आपणही आत्ताच जन्मलो की काय.

"मंग?" बबन्या म्हणाला. त्याचा आवाज जांभईतून बाहेर आला.

"मंग काय. मी चौकट खांद्यावर घेतली अन् निंघालो."

उस्मान पिंजाऱ्याचं पोर देवळाच्या भिंतीला टेकलं होतं, ते आता शेजारच्याच्या खांद्यावर कलंडलं. मागच्या रांगेत दोघं आधीच आडवे झाले होते. जगदेवानं खांबाला डोकं टेकलं होतं. त्याच्या पापण्या उघडत-मिटत होत्या. पहाटेपासून वावरात राबलेला माणूस तो. गुरुजींनी सुराला आणखी एक वेढा दिला.

रिकाम्या चौकटीतून बघितलं की जग चौकोनी दिसायचं, ते म्हणाले. गुरुजी चालत होते आणि वाट चौकटीतून आत येत होती, मागून बाहेर जात होती. आणि मण्यांना बोलवायचं कसं? वासराला बोलवतात तसंच, नावानं. म्हणून ते पाढा म्हणत निघाले. बे एके बे. बे दुणे चार.

नाल्याकाठच्या बोरीनं पहिली ओ दिली. बोरं लदलदली होती, पण त्यांतली काही बोरं पाढ्याच्या तालावर डोलत होती. काट्यांत हात न घालता गुरुजींनी नुसती चौकट पुढं धरली. एकेक लाल मणी देठावरून निसटला आणि तारेवर येऊन बसला. वीस आले.

टक, टक, टक. आधीचे मागं सारून गोजरानं दोन तारांचे मणी सरकवले. त्या आवाजाला कुणी जागं झालं नाही.

पुढं ज्वारीचं वावर. कणसं वाकली होती, आणि राखण करणारं कुणी नव्हतं, कारण पाखरं किती आणि दाणे किती ह्याचं भांडणच मिटलं होतं. पिवळे मणी दाणे होऊन कणसांत बसले होते. तीन चोक बारा म्हटलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. पंधरा आले. त्यांच्या अंगाला हुरड्याचा वास येत होता, तो आजवर गेला नाही, असं सांगून गुरुजींनी हवेत वास घेतला. गोजरानंही घेतला. मग पंधरा मणी सरकवले.

मानोऱ्याच्या अंगाला, एका तांड्यावर, सुंदरबाई बंजारीण पाण्याला निघाली होती. तिच्या ओढणीवरच्या आरशा-आरशांत एकेक सूर्य, आणि गळ्यात नवी माळ. गुरुजींनी माळ ओळखली.

"बाई, माह्ये मनी."

"उडत आले, गळ्यात बसले," सुंदरबाई म्हणाली. "मी कुठं बोलवले? घेऊन जा. पर गळा रिकामा होते, त्याचं काय?"

गुरुजींकडे द्यायला काय असणार? त्यांनी तिला औटकीचा पाढा दिला. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. एकेक शब्द बाहेर पडला आणि गोल होत गेला. तिनं तो दोऱ्यात ओवला, गाठ मारली, आणि घालून गेली. ती चालली की गळ्यातून पाढ्याचा आवाज यायचा. तिचे तीस मणी परत आले.

पाच, आणि मग दहा, आणि दहा, आणि पाच. गोजराची बोटं आता बघायचंही सोडून आपोआप चालत होती. गुरुजींना तो आवाज फार आवडला. त्यांना वाटलं, आपण सांगत नाही, तीच मणी सरकवते आहे आणि त्यांतून गोष्ट बाहेर पडते आहे. त्यांच्या स्वतःच्याही डोळ्यांवर ऊन आलं होतं. मांडवात सगळीकडे श्वास ऐकू येत होते, लहान, ओले. त्यांत एक मोठा श्वास जगदेवाचा. ह्या सगळ्या झोपेत दोघंच जागी होती. गुरुजींना आठवलं की काहीतरी भोक ठेवायचं होतं, कुठंतरी. पण कुठं, हे आठवायच्या आत पैनगंगा आली.

पैनगंगेत मासे रांगेनं पोहत होते. माशांनी असं कधी केलेलं नाही, पण पोटात मणी गेल्यावर त्यांना अंक कळला होता, आणि ते जोडीजोडीनं चालले होते, लग्नाला निघालेल्या वऱ्हाडासारखे. सहा जोड्या. गुरुजींनी चौकट पाण्यात बुडवली. एकेक मासा तारांमधून पोहून गेला आणि जाताना आपला मणी तिथंच ठेवून गेला. त्यानंतर ते पुन्हा वेडेवाकडे पोहू लागले, आणि त्यांना बरं वाटलं. बारा आले.

टक, टक.

उरलेले कुठं होते? दिवेलागण झाली होती. गुरुजींनी वर पाहिलं. आभाळात चांदण्या होत्या, पण अगदी मोजक्या, कारण खऱ्या चांदण्यांना आपण किती हे माहीत नव्हतं, त्या आल्याच नव्हत्या. होत्या त्या लाखेच्या, लाल, हिरव्या, जांभळ्या. पाढा तिथपर्यंत पोचेना. मग गुरुजी विहिरीवर गेले. विहिरीच्या पाण्यात तेच आभाळ होतं आणि ते पुष्कळ जवळ होतं. त्यांनी चौकट दोराला बांधली आणि हळूच खाली सोडली. रहाट न वाजवता. पाणी जराही हललं तर आभाळ फुटेल. चौकट आभाळात बुडाली. आणि ओढून घेतली तेव्हा तारांवर थेंब होते, आणि थेंबांत मणी.

"बावीस," गुरुजी पुटपुटले.

त्यांना ते दिसत होते. डोळे मिटलेले होते तरी दिसत होते. ओले, चमकत, एकमेकांना चिकटून बसलेले, दिवसभर हुंदडून आलेली लेकरं जशी. किती बरं वाटलं! "आले," ते म्हणाले. "शंभर. सारे मनी आले घरी. अन् संपली गोष्ट."

तो शब्द त्यांच्या तोंडून सुटला आणि त्यांचे डोळे खाडकन उघडले.

पण शब्द मण्यांसारखे नसतात, पाढा म्हणून परत येत नाहीत. जगदेवानं तो ऐकला होता. झोपेतही कापसाच्या ओढीनं त्याचा एक कान उघडाच असावा. तो उठून बसला, तोंडावरून हात फिरवला, मुंडासं बांधलं.

"संपली?"

"आरे, म्हंजे, अजून थोडी..."

"संपली म्हनले तुमी. मी आइकलं." तो उठला आणि धोतर झटकलं. आवाज कठोर नव्हता. उलट जरा दुःखीच होता. "लय चांगली होती गुरुजी. ते विहिरीचं त मले सपनातच दिसलं. पन ठरलं ते ठरलं." त्यानं पोरीच्या दंडाला धरलं. "चाल वं गोजरे. उठ. उन्हं कलाच्या आत कापसाचा येक पाटा वेचून होते."

झोपलेली पोरं डोळे चोळत उठू लागली. बबन्यानं विचारलं, "काय झालं?" गुरुजी गोजराकडे पाहत राहिले. दोन भोकं ठेवली होती मुद्दाम, आणि ती दोन्ही फुकट गेली होती. ज्या माणसानं आजवर हत्ती उडवले, नद्या उलट्या वाहवल्या, त्याला एक साधं "थांब" म्हणता येईना. त्यांनी चौकट घ्यायला हात पुढं केला.

चौकट येईना.

पोरीनं ती दोन्ही हातांनी धरली होती. दंड बापाच्या हातात, आणि ती अर्धवट उठलेली, तशीच अवघडून उभी. नऊ तारा एका बाजूला गच्च भरल्या होत्या. दहाव्या तारेवर नऊ मणी तिकडं, आणि अलीकडच्या टोकाला एक हिरवा मणी एकटाच. तिचं बोट त्याच्यावर होतं. तिनं तो सरकवला नव्हता. ती सरकवणारही नव्हती. त्याला आणायला अजून कुणी गेलंच नव्हतं.

"दे वं, गुरुजीची हाय ते," जगदेव म्हणाला.

गोजराचे ओठ हलले. आधी नुसती हवाच बाहेर आली. मग तिनं मान वर केली, थेट गुरुजींच्या मिशांकडे पाहिलं, आणि घोगऱ्या, गंज चढलेल्या, पण मांडवाच्या पार टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"खोटं! बोरीचे वीस, ज्वारीचे पंधरा, बाईचे तीस, माशाईचे बारा, विहिरीतले बावीस. नव्यान्नवच होतात. येक अजून बाहीर हाय गुरुजी, मंग गोष्ट संपली कशी?"